गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांचें चरित्र

अमेरिकेंतील शिकागो शहरांत सरोवराच्या कांठीं लिंकन पार्क नांवाची एक विस्तीर्ण बाग आहे. तेथें दाढी राखलेल्या एका गृहस्थांचा पुतळा उभा असून त्यांच्या पायांशीं एक मजूर, एक स्त्री व एक मूल हीं बसलेलीं दाखविलीं आहेत. हा पुतळा इ. स. १९१५ सालीं उभारण्यांत आला. त्यापूर्वीं अवघ्या बावीस वर्षांमागें, म्हणजे १८९३ सालीं, त्याच शहरांतील वर्तमानपत्रें ह्याच गृहस्थांस खुन्यांचे कैवारी व देशाचे वैरी म्हणून शिव्याशाप देत होतीं, आणि कांहीं ठिकाणीं लोकांनीं त्यांची प्रतिमा करून ती जाळिली होती. ह्या गृहस्थांचें नांव जॉन पीटर आल्टगेल्ड. ते इलिनॉय ह्या राज्याचे गव्हर्नर होते. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या कानीं हें नांव पडण्याचें फारसें कारण नाहीं. परंतु न्याय व दया ह्यांविषयींचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत आहे, तो आपल्या लोकांनीं ऐकावा असें मला पुष्कळ दिवस वाटत होतें.

आरंभींच एक गोष्ट समजून घ्यावी. अमेरिका हा पुष्कळ राज्यांचा मिळून झालेला देश आहे, आणि प्रत्येक राज्याचा मुख्य कारभारी तो गव्हर्नर. आपल्याकडील राज्यपालाप्रमाणें तो वरून नेमलेला नसतो. लोक मतें देऊन त्याला निवडतात, आणि लोकांची मर्जी फिरली म्हणजे त्याला घरीं जावें लागतें. शिक्षा झालेल्या कैद्यास माफी देण्याचा अधिकारही त्या काळीं इलिनॉयांत त्याच्याच हातीं होता.

जॉन पीटर ह्याचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजीं जर्मनींतील नीडर-सेल्टर्स नांवाच्या गांवीं झाला. तो तान्हा असतांच त्याचे आईबाप पोटासाठीं जहाजानें अमेरिकेस गेले व ओहायो राज्यांत मॅन्सफील्ड गांवाजवळ शेती करूं लागले. बाप गाड्या तयार करण्याचेंही काम जाणत असे. तो कष्टाळू होता, पण मुलांनीं शिकावें असें त्याला वाटत नसे. शेतांत हात पाहिजे होते. पुस्तक हातीं धरणारा मुलगा त्याच्या दृष्टीनें वायां जाणारा मुलगा होता. आपल्यांतील ज्या मास्तरांनीं गुरें वळणाऱ्या मुलांच्या बापांशीं वाद घातला आहे, त्यांना हा बाप ओळखीचा वाटेल.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेंत जें यादवी युद्ध माजलें, त्यांत १८६४ सालीं, सोळा वर्षांच्या वयांत, जॉन पीटर शिपाई म्हणून दाखल झाला. त्याची पलटण शंभर दिवसांच्या बोलीची होती. व्हर्जिनियांत असतां त्याला जो ताप जडला, त्यानें त्याची पाठ जन्मभर सोडिली नाहीं. परत आल्यावर बापाच्या मर्जीविरुद्ध तो शाळेंत गेला आणि पुढें स्वतः मास्तर झाला. त्याच सुमारास एमा फोर्ड नांवाच्या मुलीशीं लग्न करावें असें त्याच्या मनांत आलें. पण मुलीच्या बापानें ह्या निर्धन जर्मन पोरास नकार दिला. १८६९ सालीं तो पश्चिमेची वाट धरून पायींच निघाला. आर्कान्साॅ राज्यांत त्यानें रेल्वेच्या रस्त्यावर मजुरी केली, तेथें पुन्हां ताप आला, आणि हाडांचा सांगाडा होऊन तो मिझुरी राज्यांत येऊन पडला. बरा झाल्यावर शाळा शिकवितां शिकवितां त्यानें कायद्याचा अभ्यास केला. १८७१ सालीं त्याला वकिलीची परवानगी मिळाली व १८७४ सालीं शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर तो एका जिल्ह्याचा सरकारी वकील निवडून आला. पुढल्याच वर्षीं तें काम सोडून तो शिकागो शहरीं गेला. तेथें त्याला ओळखणारें कोणी नव्हतें. १८७७ सालीं ओहायोस जाऊन त्यानें त्याच एमा फोर्डशीं लग्न केलें. ह्या दांपत्यास मूलबाळ झालें नाहीं.

शिकागो तेव्हां झपाट्यानें वाढत होतें. आल्टगेल्ड यांनीं जागा विकत घ्याव्या, त्यांवर इमारती बांधाव्या व विकाव्या, असा व्यवहार केला आणि थोड्याच वर्षांत ते श्रीमंत झाले. युनिटी बिल्डिंग नांवाची सोळा मजल्यांची एक इमारत त्यांनीं बांधविली. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. पैशाबरोबर मान आला, मोठ्या लोकांच्या घरीं उठबस झाली, आणि १८८६ सालीं ते न्यायाधीशही निवडून आले. इतकें चरित्र मी थोडक्यांत आटोपलें, कारण गरिबींतून वर आलेल्या श्रीमंतांच्या गोष्टी अमेरिकेंत पुष्कळ आहेत.

मात्र ह्या श्रीमंताच्या मनांत एक कांटा सलत राहिला होता. १८८४ सालीं त्यांनीं शिक्षापद्धतीविषयीं एक लहान पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं तुरुंगांत जाणारे बहुतेक लोक दरिद्री, पोरके व अशिक्षित असतात. दंड भरावयास पैसा नाहीं एवढ्याच कारणानें कित्येक आंत जातात. आणि आंत गेलेला मनुष्य सुधारून नव्हे, तर अधिक बिघडून बाहेर येतो. क्लॅरन्स डॅरो नांवाचा एक तरुण वकील तें पुस्तक वाचून इतका भारला गेला कीं तो पुढें शिकागोस येऊन आल्टगेल्ड यांस भेटला व त्यांचा जन्माचा मित्र झाला.

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. १८८६ च्या मे महिन्यांत, दिवसास आठच तास काम असावें, अशी मागणी करून अमेरिकेंतील हजारों मजुरांनीं संप केला. ३ मे रोजीं शिकागोंतील एका कारखान्यापाशीं पोलिसांनीं मजुरांवर गोळ्या झाडिल्या व कांहीं माणसें मेलीं. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं हेमार्केट नांवाच्या चौकाजवळ सभा भरली. शहराचे मेयर कार्टर हॅरिसन स्वतः तेथें येऊन भाषणें ऐकून गेले. त्यांना सभा शांततेची वाटली. आभाळ भरून आल्यामुळें पुष्कळ लोक घरीं निघून गेले होते. सॅम्युएल फील्डन हा शेवटला वक्ता बोलत असतां पोलिसांची मोठी तुकडी चालून आली, आणि त्याच क्षणीं कोणीं तरी अंधारांतून बाँब फेकिला. पोलिसांनीं गोळीबार केला. सात पोलीस प्राणांस मुकले; मजुरांतीलही कित्येक पडले. बाँब कोणीं फेकिला हें त्या दिवसापासून आजवर कळलेलें नाहीं.

शहर भयानें व क्रोधानें वेडें झालें. अराजकवादी म्हणविणाऱ्या आठ पुढाऱ्यांस पकडून खटला भरला. त्यांचीं भाषणें व लेख जहाल होते, हें खरें आहे. राज्यसत्ताच नको असें त्यांचें मत होतें, आणि तें मत आपण ख्रिस्ती लोकांनीं मान्य करण्यासारखें नाहीं. परंतु त्यांपैकीं एकानें तरी बाँब फेकिला, किंवा फेकणाऱ्यास ते ओळखत होते, असा पुरावा कोर्टापुढें आला नाहीं. ज्यूरीचे पंच नेहमींप्रमाणें चिठ्ठ्या टाकून न घेतां एका खास बेलिफानें निवडून आणिले. आपलें मत आधींच बनलें आहे असें ज्यांनीं सांगितलें, त्यांसही न्यायाधीश गॅरी यांनीं पंच म्हणून बसूं दिलें. सातांस फांशीची व एकास पंधरा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. त्यांपैकीं दोघांची फांशी त्या वेळच्या गव्हर्नरानें रद्द करून त्यांस जन्मठेप दिली. एकानें तुरुंगांत आत्महत्या केली. आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं चौघे फांशीं गेले.

तुरुंगांत तिघे उरले. फील्डन हा मूळचा इंग्रज. तरुणपणीं मेथोडिस्ट मंडळींत उपदेश करीत असे व शिकागोंत दगड वाहणारा गाडीवान होता. मायकेल श्वाब हा पुस्तकें बांधणारा कारागीर. ऑस्कर नीबी हा पाव फुगविण्याचें खमीर विकून पोट भरीत असे. तो तर त्या सभेस गेलाही नव्हता. नीबी कैदेंत असतांच त्याची बायको वारली.

१८९२ च्या निवडणुकींत आल्टगेल्ड हे इलिनॉयचे गव्हर्नर निवडून आले. परदेशांत जन्मलेला मनुष्य त्या पदावर प्रथमच बसत होता. जानेवारी १८९३ मध्यें शपथ घेतांना ते तापानें इतके खंगले होते कीं त्यांचें भाषण पुरें वाचण्यास दुसऱ्यास उभें राहावें लागलें. त्या तिघांना सोडावें असा अर्ज त्यांच्याकडे लागलीच आला. त्यावर हजारों सह्या होत्या आणि त्यांत शहरांतील नामांकित व्यापारी व पेढीवाले होते. हें मुद्दाम ध्यानांत घ्यावें. सात वर्षांत राग निवळला होता. ह्या लोकांनीं पुरेशी शिक्षा भोगली, आतां दया करावी, एवढेंच प्रतिष्ठित लोकांचें मागणें होतें. गव्हर्नरांनीं दोन ओळी लिहून दया केली असती, तर कोणीं फारसा ब्र काढिला नसता. उलट दयाळू म्हणून त्यांची वाहवा झाली असती.

आल्टगेल्ड यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं खटल्याचे सर्व कागद मागविले व महिनोन्‌महिने वाचले. जर हे अपराधी असतील, तर त्यांना सोडण्याचें कारण नाहीं. आणि जर अपराध शाबीतच झाला नसेल, तर त्यांना दया नको, न्याय पाहिजे, असा त्यांचा विचार ठरला. खऱ्या कारणासह माफी लिहिली तर आपलें राजकारण संपलें, हें ते जाणून होते. तसें त्यांनीं डॅरो यांस सांगितल्याचें डॅरो यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. २६ जून १८९३ रोजीं त्यांनीं माफीपत्रावर सही केली, आणि त्यासोबत एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. पंच कसे निवडले, पुरावा कसा अपुरा होता, पोलिसांचा जुलूम कसा होता, न्यायाधीशांचें वर्तन कसें पक्षपाती होतें, हें सारें त्यांनीं एकेक कागद पुढें ठेवून दाखविलें. माफीपत्रें घेऊन जोलिएट गांवच्या तुरुंगाकडे जो गृहस्थ गेला, तो ड्रायर नांवाचा पेढीवाला होता. ह्याच ड्रायरनें सात वर्षांपूर्वीं आठांवर आरोप ठेवणाऱ्या पंचमंडळाचें प्रमुखपण केलें होतें, व नंतर त्याचें मन त्याला खात राहिलें होतें. गव्हर्नरांच्या हातून तीं पत्रें घेतांना त्याला रडूं कोसळलें.

येथें मी थोडा थांबतों. आपले वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या चावडीपुढें हात जोडून उभे राहिले. बलुत्याची पेंढी असो, पाण्याची वाट असो, वेठीची मजुरी असो, जें हक्काचें तेंही त्यांनीं मायबाप म्हणून दया म्हणूनच मागितलें, आणि मिळालें तेव्हां उपकार मानिले. ती संवय अजूनही आपल्या कमरेंतून पुरती गेलेली नाहीं. कचेरींत अर्ज लिहून देतांना मला ती पुष्कळदां दिसते. देवापुढें आपण सर्वच दयेचे भिकारी आहों, ह्यांत संशय नाहीं. परंतु मनुष्याच्या न्यायासनापुढें निरपराध्यास दया मागावी लागली, तर तो डाग त्याच्यावर राहतो आणि न्यायासन मात्र स्वच्छ दिसतें. आल्टगेल्ड यांनीं तो डाग जेथला तेथें ठेविला. सुभेदार पिलाताची गोष्ट आपल्या मंडळींतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्यालाही आरोपीच्या ठायीं दोष सांपडला नव्हता, आणि त्यालाही लोकसमुदायाची गर्जना ऐकूं येत होती.

दुसऱ्या दिवसापासून जें वादळ उठलें तें त्यांच्या मरणापर्यंत शमलें नाहीं. वर्तमानपत्रांनीं चित्रें काढून त्यांना हातांत बाँब व मशाल दिली. जन्मानें परके म्हणून हिणविलें. दया मागणारे व्यापारीही गप्प झाले, कारण गव्हर्नरांनीं दयेबरोबर न्यायासनाचीही झडती घेतली होती. सांगावयास वाईट वाटतें, परंतु कित्येक धर्मोपदेशकांनींही त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढिले. टीकेंत थोडें तथ्यही होतें. न्यायाधीश गॅरी यांच्याविषयीं त्यांनीं लिहिलेले शब्द फार कडक होते, आणि त्यामागें जुना राग आहे असें लोक म्हणूं लागले. एरव्हींही आल्टगेल्ड हे कांहीं निर्दोष पुरुष नव्हते. अधिकारावर येतांच त्यांनीं विरुद्ध पक्षाच्या पुष्कळ कामगारांस काढून आपल्या पक्षाचे लोक नेमिले, व त्यांत कांहीं लायक माणसेंही गेलीं. धर्मपुरुष म्हणून त्यांची ख्याति नव्हती.

तरी त्यांच्या चार वर्षांच्या कारभारांत झालेलीं कामें पाहावीं. १८९३ सालीं कारखान्यांविषयीं कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत लावण्यास बंदी झाली, स्त्रियांच्या कामास आठ तासांची मर्यादा आली, आणि कारखाने तपासण्यास अधिकारी नेमिले गेले. मुख्य तपासनीस म्हणून त्यांनीं फ्लॉरेन्स केली नांवाच्या बाईंस नेमिलें. शिकागोंतील गरीब वस्तींत जेन ॲडम्स यांनीं चालविलेल्या हल हाऊस ह्या सेवागृहांत ह्या बाई राहत असत. आठ तासांचें कलम १८९५ सालीं राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें रद्द केलें; मुलांविषयींची बंदी राहिली. राज्याच्या विद्यापीठास त्यांनीं पूर्वीं कधीं मिळाला नव्हता इतका पैसा दिला, आणि मास्तर तयार करण्याच्या दोन नव्या शाळा स्थापन होण्यास मान्यता दिली. ज्याला बापानें शाळेपासून ओढून काढिलें होतें, त्याच्या हातून हें झालें.

१८९४ च्या उन्हाळ्यांत दुसरा मोठा प्रसंग आला. आगगाडीचे निजावयाचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनीं शिकागोजवळ कामगारांसाठीं आपल्याच नांवाचें गांव वसविलें होतें. मंदी आली तेव्हां त्यांनीं मजुरी सुमारें चतुर्थांशानें कमी केली, पण घरांचें भाडें कमी केलें नाहीं. कामगारांनीं संप केला. रेल्वेच्या कामगारांनीं त्यांना साथ दिली, आणि गाड्या थांबल्या. टपाल अडतें ह्या कारणास्तव राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं गव्हर्नरांस न विचारतां शिकागोंत केंद्र सरकारचें सैन्य पाठविलें. दंगे वाढले ते सैन्य आल्यावर. क्लीव्हलंड हे आल्टगेल्ड यांच्याच पक्षाचे. तरी आल्टगेल्ड यांनीं तारेनें निषेध कळविला कीं राज्याची शिपाईपलटण तयार असतां व गव्हर्नरानें मदत मागितली नसतां असें सैन्य पाठविणें राज्यघटनेस धरून नाहीं. दंगे मोडण्यास त्यांनीं स्वतःची पलटणही पाठविली. ह्या वादांत देशांतील बहुमत अध्यक्षांकडे झुकलें, आणि १८९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही केंद्र सरकारचीच बाजू उचलून धरिली. संप मोडला. ऑगस्ट महिन्यांत गव्हर्नर स्वतः त्या गांवीं गेले, घरोघर फिरले, बायकामुलें उपाशीं पाहिलीं. त्यांनीं पुलमन यांस साह्य करण्याविषयीं लिहिलें; उपयोग झाला नाहीं. मग त्यांनीं राज्यांतील जनतेस हांक मारिली, व लोकांनीं धान्य व पैसा पाठविला.

तोंपर्यंत त्यांची स्वतःची संपत्तीही ओसरूं लागली होती. १८९३ च्या मंदीनें जागांच्या किंमती कोसळल्या, व युनिटी बिल्डिंगवरील कर्जाचा बोजा मानगुटीस बसला. अशा वेळीं, १८९५ सालीं, शिकागोंतील ट्रामगाड्यांचा मालक चार्ल्स यर्कीस ह्यानें शहराचे रस्ते दीर्घ मुदतीनें आपल्याच ताब्यांत राहतील असे कायदे कायदेमंडळाकडून संमत करवून घेतले. गव्हर्नरांची एक सही हवी होती. त्या सहीनें ते पुन्हां धनाढ्य झाले असते, असें त्या काळचे लोक बोलत. त्यांनीं ते कायदे नामंजूर करून परत पाठविले. त्यांच्यामागून आलेल्या गव्हर्नरानें १८९७ सालीं तशाच जातीच्या कायद्यावर सही केली. पण लोकांच्या संतापामुळें तो दोन वर्षांत रद्द करावा लागला.

१८९६ च्या निवडणुकींत आल्टगेल्ड पडले. नव्या गव्हर्नराच्या शपथविधीच्या वेळीं मावळत्या गव्हर्नरानें निरोपाचे चार शब्द बोलण्याची चाल होती. त्यांना बोलूं दिलें नाहीं. युनिटी बिल्डिंग सावकारांच्या घशांत गेली. १८९९ सालीं शिकागोच्या मेयरपदासाठीं ते स्वतंत्रपणें उभे राहिले, तेथेंही हरले. शेवटीं क्लॅरन्स डॅरो यांनीं त्यांना आपल्या वकिलीच्या कचेरींत घेतलें. एके काळीं पुस्तक वाचून भेटावयास आलेल्या तरुणाच्या आश्रयानें ह्या वृद्धास, खरें पाहतां पन्नाशीच उलटली होती पण देह म्हाताऱ्याचा झाला होता, पुन्हां पोटासाठीं काम करावें लागलें.

११ मार्च १९०२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांच्या बाजूनें बोलण्यासाठीं ते जोलिएट गांवीं गेले. नऊ वर्षांपूर्वीं ज्या तुरुंगाचें दार त्यांच्या सहीनें उघडलें, तें हेंच गांव. भाषण संपवून व्यासपीठावरून जातांना त्यांना भोंवळ आली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचा प्राण गेला. वय चौपन्न वर्षांचें होतें. शिकागोंतील सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांचा देह ठेविला असतां हजारों मजूर, त्यांच्या बायका व मुलें तासन्‌तास रांगेनें येऊन दर्शन घेऊन गेलीं. अंत्यविधीच्या वेळीं डॅरो व जेन ॲडम्स ह्यांनीं भाषणें केलीं. शहरांतील ग्रेसलंड दफनभूमींत त्यांस पुरलें.

त्या तीन कैद्यांपैकीं श्वाब १८९८ सालीं वारला व नीबी १९१६ सालीं. फील्डन कोलोरॅडो राज्यांत थोडी जमीन घेऊन डोंगराच्या पायथ्याशीं गुरें राखून राहिला, आणि पुतळा उभा राहिल्यानंतर सात वर्षांनीं, १९२२ सालीं, म्हातारा होऊन आपल्या घरींच मरण पावला.